एका गळ्याच्या मापाची सुझाना

जानेवारी २०१६ मध्ये प्रागहून आलेली एक बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापली. तिथल्या चेक संगीत संग्रहालयात वर्षानुवर्षे पडून राहिलेली एक छोटी छापील पुस्तिका टिमो योउको हेरमान या जर्मन अभ्यासकाच्या हाती लागली होती. तिच्यात मोझार्ट आणि सालिएरी या दोघांचाही हात असलेले एक गीत होते. या गीताची जाहिरात १७८५ मध्ये व्हिएन्नात झाली होती, त्यामुळे ते रचले गेल्याचे जाणकारांना ठाऊक होते, पण स्वरांसह ते कुणी पाहिलेले नव्हते. सालिएरीने मोझार्टला विष घातले ही दंतकथा दोनशे वर्षे फिरत असल्यामुळे ‘वैऱ्यांची संयुक्त रचना’ हाच बातमीचा मथळा झाला. ज्या गायिकेसाठी हे गीत रचले गेले तिचे नाव बहुतेक ठिकाणी खाली कुठेतरी, एका ओळीत आले. वास्तविक गीताचा विषयच ती होती. ‘ओफेलियाला पुन्हा लाभलेल्या आरोग्याप्रीत्यर्थ’ असे त्याचे शीर्षक आहे आणि ही ओफेलिया म्हणजे नॅन्सी स्तोराचे, त्या वेळी अवघ्या १९ वर्षांची, व्हिएन्नाच्या राजनाट्यगृहातली प्रमुख गायिका.

एका गायिकेचा आवाज बरा झाला म्हणून शहरातल्या नामवंत संगीतकारांनी गीत का रचावे, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर अठराव्या शतकातल्या ऑपेराच्या कामकाजात आहे, आणि ते समजले की मोझार्टच्या ‘फिगारोचे लग्न’ या आजही सतत रंगभूमीवर येणाऱ्या ऑपेरातली सुझाना अशी का गाते, तेही समजते.

## आधी काही संज्ञा

मराठी संगीत नाटकात गद्य बोलले जाते आणि पद गायले जाते. इटालियन ऑपेरात गद्यासारखा भागही गायलाच जातो, मात्र बोलण्याच्या लयीत आणि हार्प्सिकॉर्डसारख्या वाद्याच्या मोजक्या साथीवर. या भागाला रेचितातीव म्हणतात. आपल्या पदाच्या जागी येते ते एरिया, म्हणजे एका पात्राने वाद्यवृंदासह गायलेले स्वतंत्र गीत. एरियाच्या वेळी कथा बहुधा थांबते आणि पात्र आपले मन उघड करते. दोन किंवा अधिक पात्रे एकत्र गातात त्या समूहगीतांमध्ये मात्र कथा पुढे सरकते, कारण तिथे भांडणे होतात, लपवाछपवी होते आणि गुपिते फुटतात.

ऑपेराच्या दोन जाती होत्या. ‘सेरिया’ म्हणजे गंभीर ऑपेरात राजे, सेनापती आणि पुराणातले वीर असत. या वीरांच्या भूमिका बहुधा कास्त्रातो गायक करीत, म्हणजे वयात येण्यापूर्वी शस्त्रक्रिया करून ज्यांचा बालपणीचा उंच आवाज कायम ठेवलेला असे ते पुरुष. ‘बुफा’ म्हणजे विनोदी ऑपेरात मालक, मोलकरणी, वकील आणि शेतकरी असत, आणि तिथे गळ्याइतकेच अभिनयाला मोल होते. स्तोराचे ही बुफाची नटी.

## भूमिका आधी की गायिका?

आज सुझानाची भूमिका ठरलेली असते, तिचे स्वर छापलेले असतात आणि गायिका ते शिकून उभी राहते. त्या काळी क्रम उलटा होता. नाट्यगृह एका हंगामासाठी गायकांची मंडळी नेमत असे, संगीतकाराला त्या मंडळीत कोण कोण आहे हे सांगितले जाई, आणि मग तो ज्याचा-त्याचा गळा, उंची, दमसास, खोडी आणि खुबी पाहून भूमिका रचत असे. १७७८ मध्ये वडिलांना लिहिलेल्या एका पत्रात मोझार्टने म्हटले आहे की एरिया गायकाला नीट बेतलेल्या कपड्यासारखी चपखल बसलेली त्याला आवडते. ही उपमा त्याच्या धंद्याचे नेमके वर्णन आहे. जिच्यासाठी कपडा शिवला तिला तो शोभला म्हणजे शिंप्याचे काम झाले. पुढे तो दुसऱ्या कुणी घातला तर उसवणे आणि पुन्हा शिवणे आलेच. तोच ऑपेरा दुसऱ्या शहरात गेला की तिथली गायिका न जमणारी एरिया सरळ गाळत असे आणि स्वतःची आवडती, कधी दुसऱ्याच संगीतकाराची, तिथे घालत असे. यात कुणाला गैर वाटत नसे.

पैशाचे गणितही याला धरूनच होते. ‘फिगारोचे लग्न’ या संपूर्ण ऑपेरासाठी मोझार्टला एकरकमी ४५० गुल्डेन मिळाले, आणि मंडळीतल्या प्रमुख गायिकेचा वार्षिक पगार याच्या कितीतरी पट होता. तिकीट तिच्या नावावर विकले जाई. म्हणूनच तिचा आवाज बसला की नाट्यगृहाचे वेळापत्रकच कोलमडत असे.

## लंडनची मुलगी, इटलीची नटी

नॅन्सीचा जन्म १७६५ चा, लंडनचा. आई इंग्रज होती आणि वडील स्तेफानो नेपल्सच्या परिसरातून आलेले डबल बास वादक. थोरला भाऊ स्टीफन पुढे संगीतकार झाला. मुलगी आठ वर्षांचीही झाली नव्हती तेव्हापासून जलशांत गाऊ लागली होती, आणि वेनान्त्सियो राउत्सिनी या कास्त्रातो गायकाकडे तिचे शिक्षण झाले. १७७८ मध्ये कुटुंब इटलीला गेले, कारण ऑपेरात नाव कमवायचे तर इटलीची मोहर लागे.

फ्लॉरेन्समध्ये तिला दुय्यम कामे मिळाली. त्या मंडळीत लुईजी मार्केसी हा कास्त्रातो प्रमुख होता आणि त्याच्या एका एरियात सुरांची अशी चढती लड होती की प्रेक्षक वेडे होत. गायक मायकेल केली याने आपल्या आठवणींत असे नोंदवले आहे की पंधरा वर्षांच्या नॅन्सीने आपल्या एरियात अगदी तशीच लड घेऊन दाखवली, मार्केसी संतापला आणि तिला काढले नाही तर आपण गाणार नाही असे त्याने बजावले. शेवटी तिची गच्छंती झाली. केलीने हे चार दशकांनंतर लिहिले आहे आणि त्याला किस्सा रंगवण्याची सवय होती, त्यामुळे तपशील थोडे हातचे राखून घ्यावेत. तरी नक्कल करण्याची तिची ही हातोटी पुढे भर दरबारात साक्षीदारांसमोर दिसली, म्हणून किस्सा अगदीच निराधार वाटत नाही.

नंतरच्या दोन वर्षांत ती गंभीर ऑपेरातून विनोदी ऑपेराकडे वळली. सप्टेंबर १७८२ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात सार्ती यांच्या ‘दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ’ या बुफात तिने दोरिनाची भूमिका केली आणि ती भूमिका युरोपभर गाजली. तिथे तिच्यासोबत फ्रान्चेस्को बेनुच्ची हा खर्जाचा विनोदी गायक होता. ही जोडी पुढच्या गोष्टीत महत्त्वाची आहे.

याच सुमारास व्हिएन्नात सम्राट योझेफ दुसरा याने आपल्या नाट्यगृहासाठी इटालियन बुफा मंडळी उभारायचे ठरवले आणि व्हेनिसमधल्या त्याच्या राजदूताने दोघांनाही करारबद्ध केले. २२ एप्रिल १७८३ रोजी सालिएरीच्या ‘मत्सरी लोकांची शाळा’ या ऑपेरात उमराव स्त्रीच्या भूमिकेत तिने व्हिएन्नात पहिले पाऊल ठेवले. तेव्हा ती १७ वर्षांची होती. सरकारी अधिकारी काउंट त्सिन्त्सेनडॉर्फ हा रोज नाटक पाहून रोजनिशी लिहिणारा रसिक होता. त्याने तिच्या डोळ्यांचे, मानेचे आणि लहान मुलासारख्या खट्याळपणाचे कौतुक करून ती देवदूतासारखी गाते असे नोंदवले आहे.

## आवाज जातो तेव्हा

पहिल्या दोन वर्षांतले यश जितके मोठे तितकेच तिचे घरगुती आयुष्य बिकट झाले. १७८४ मध्ये जॉन अब्राहम फिशर या तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या इंग्रज व्हायोलिनवादकाशी तिचे लग्न झाले. तो तिला मारहाण करतो हे शहरभर झाले, तेव्हा सम्राटाने त्याला व्हिएन्नातून हाकलून दिले. जानेवारी १७८५ मध्ये तिला मुलगी झाली, ती काही महिन्यांतच गेली.

या सगळ्याच्या मध्यात १ जून १७८५ रोजी भाऊ स्टीफनच्या पहिल्या ऑपेराचा पहिला प्रयोग होता. त्यात गाता गाता तिचा आवाज बंद पडला. नेमका वैद्यकीय दोष कोणता हे कुणी लिहून ठेवलेले नाही, पण बाळंतपणानंतर इतक्या लवकर मुख्य भूमिका गाण्याचा ताण लक्षात घेतला तर नवल वाटण्याचे कारण नाही. ती काही महिने रंगभूमीपासून दूर राहिली. सालिएरीचा ‘त्रोफोनियोची गुहा’ हा नवा ऑपेरा तिच्यासाठी थांबून राहिला, कारण त्यातली ओफेलिया तिच्यावर बेतलेली होती.

ही ओफेलिया शेक्सपिअरची नव्हे, हे सांगायला हवे, कारण बातमी वाचताना अनेकांचा तसा समज झाला. दोन बहिणींतली ही गंभीर, पुस्तकी बहीण. दुसरी दोरी अल्लड. त्रोफोनियो या जादूगाराच्या गुहेत शिरले की माणसाचा स्वभाव उलटा होतो, म्हणून मधल्या भागात गंभीर ओफेलिया नाचू-बागडू लागते. एकाच संध्याकाळी दोन स्वभाव दाखवण्याची संधी सालिएरीने स्तोराचेला दिली होती. तिची तब्येत सुधारल्यावर कवी लोरेन्त्सो दा पोन्ते याने आरोग्यगीत लिहिले आणि सालिएरी, मोझार्ट व कॉर्नेत्ती नावाचा तिसरा एक जण यांनी त्याचे भाग वाटून घेऊन ते स्वरबद्ध केले. ऑक्टोबर १७८५ मध्ये ती ओफेलिया म्हणून पुन्हा उभी राहिली. प्रागमध्ये सापडलेले गीत ते हेच. ते जेमतेम चार मिनिटांचे आहे आणि संगीत म्हणून फार मोठे नाही, हेही मान्य केले पाहिजे.

चार महिन्यांनी, ७ फेब्रुवारी १७८६ रोजी, सम्राटाने शोनब्रुन राजवाड्यात मेजवानी दिली आणि त्या संध्याकाळी सालिएरी व मोझार्ट यांचे दोन छोटे प्रयोग एकापाठोपाठ एक झाले. सालिएरीच्या ‘आधी संगीत, मग शब्द’ या प्रहसनात स्तोराचेने मार्केसीची हुबेहूब नक्कल केली. त्याआधीच्या उन्हाळ्यातच मार्केसी व्हिएन्नात येऊन गायला होता, त्यामुळे प्रेक्षकांना ती नक्कल लगेच ओळखू आली. ज्याने आपल्याला फ्लॉरेन्समधून घालवले त्याचा हिशेब तिने सम्राटासमोर चुकता केला, असे केलीच्या किश्श्यावर विश्वास ठेवणाऱ्याला वाटल्यावाचून राहणार नाही.

## सुझाना कशी बेतली गेली

१ मे १७८६ रोजी बुर्गथिएटर या व्हिएन्नाच्या राजनाट्यगृहात ‘फिगारोचे लग्न’ प्रथम झाला. काउंटचा नोकर फिगारो बेनुच्ची होता आणि त्याची नियोजित वधू, काउंटेसची मोलकरीण सुझाना स्तोराचे; काउंटचा डोळा मात्र सुझानावर आहे. तीन वर्षे एकत्र काम केलेल्या या जोडीला मोझार्टने पडदा उघडताच समोरासमोर उभे केले: तो खोलीचे माप घेतो आहे आणि ती टोपी घालून आरशात पाहते आहे.

भूमिकेचा आराखडा पाहिला तर मापाचा अर्थ स्पष्ट होतो. सुझाना जवळजवळ सतत रंगमंचावर असते, पण तिला स्वतंत्र एरिया फक्त दोन आहेत. याउलट ऑपेरातली सहाच्या सहा युगुलगीते तिचीच आहेत: दोन फिगारोबरोबर आणि एकेक फिगारोशी लग्न करू पाहणारी मार्चेलिना, किशोरवयीन हुजऱ्या केरुबिनो, काउंट व काउंटेस यांच्याबरोबर. म्हणजे ज्या प्रसंगांत समोरच्या माणसाला उत्तर द्यायचे, चकवायचे, चिडवायचे किंवा सावरायचे, ते सगळे तिच्याकडे. आणि गळ्याची उंच कसरत दाखवण्याचे प्रसंग जवळजवळ नाहीत. दुसऱ्या अंकातली तिची एरिया ऐकली तर ती मुख्यतः हालचालीची आहे: केरुबिनोला मुलीचे कपडे घालताना ‘इकडे बघ, मान वळव’ असे सांगत ती गाते.

चौथ्या अंकातली ‘दे विएनी, नोन तार्दार’ ही दुसरी एरिया अधिक सूक्ष्म आहे. फिगारो झाडीत लपून ऐकतो आहे हे सुझानाला माहीत आहे. ती प्रियकराला बोलावणारे गीत गाते, तो समजतो की ती काउंटची वाट पाहते आहे, आणि आपण मात्र जाणतो की ती त्याची फिरकी घेत असतानाच त्याच्यासाठीच मनापासून गात आहे. स्वर साधे आहेत, तंतुवाद्ये बोटांनी छेडली जातात, चाल सोप्रानोला, म्हणजे स्त्रीच्या उंच आवाजाला, अपरिचित अशा खालच्या स्वरांपर्यंत उतरते. मोझार्टने या जागी आधी एक मोठी, भारदस्त एरिया आखायला घेतली होती आणि ती अर्धवट सोडून हे लिहिले. मला हा त्याच्या सगळ्या निर्णयांतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

## तिचा आवाज सामान्य होता, तर एवढे कौतुक कशाचे?

हा आक्षेप तिच्या काळातही घेतला गेला. इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी याने तिला हुशार आणि चैतन्यमय नटी म्हटले, पण तिच्या आवाजात चिरकेपणा व खरखर आहे आणि त्यामुळे गंभीर गायिका होण्याची तिची आकांक्षा पुरी होत नाही, असेही लिहिले. मला वाटते बर्नीचे म्हणणे खोटे ठरवण्याची गरज नाही. बुर्गथिएटर हे राजवाड्याला लागून असलेल्या जुन्या टेनिसगृहाचे केलेले लहान नाट्यगृह होते. तिथे चेहरा दिसे आणि शब्द कळत, त्यामुळे खरखरीत गळ्याची पण शब्द अचूक टाकणारी नटी तिथे शुद्ध स्वरांच्या गायिकेपेक्षा सरस ठरू शकत होती. आवाजाच्या उणिवा झाकून नटीच्या गुणांना वाव देणारी भूमिका बेतणे हेच मोझार्टचे काम होते, आणि ते त्याने केले.

## आज तर कुणीही सुझाना गाते, मग ‘तिची’ कशी?

याचा पुरावा खुद्द मोझार्टनेच मागे ठेवला आहे. ऑगस्ट १७८९ मध्ये हाच ऑपेरा व्हिएन्नात पुन्हा आला तेव्हा स्तोराचे लंडनला गेलेली होती आणि सुझाना होती आद्रियाना फेरारेसे. तिचा गळा प्रचंड आवाक्याचा होता, तळातून एकदम वर झेप घेणारा. पुढच्याच वर्षी ‘कोझी फान तुत्ते’मधली फिओर्दिलीजी तिच्यासाठी रचली गेली. अभिनयात मात्र ती थंड मानली जाई. मोझार्टने सुझानाच्या दोन्ही एरिया काढून तिच्यासाठी दोन नव्या लिहिल्या. ‘दे विएनी’च्या जागी संथ सुरुवात आणि वेगवान शेवट असलेली एक भव्य, झगमगीत रचना आली. दुसरी छोटी एरिया तिने निरागसपणे गायली तर आवडेल, पण ते तिला जमेल याबद्दल शंका आहे, असे मोझार्टने पत्नीला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे.

आजची नाट्यगृहे जवळजवळ नेहमी १७८६ च्या एरिया गातात. म्हणजे जगातली प्रत्येक सुझाना न कळत एका विशिष्ट मुलीच्या मापाचा कपडा घालते, आणि तिच्या गळ्याला जे झेपत नव्हते ते आज भूमिकेचा साधेपणा म्हणून वाखाणले जाते.

## मोझार्ट आणि स्तोराचे यांचे प्रेमप्रकरण होते का?

डिसेंबर १७८६ मध्ये मोझार्टने स्तोराचेसाठी ‘किओ मी स्कोर्दी दी ते’ ही मोठी स्वतंत्र रचना लिहिली, तीत पियानो गायिकेशी जणू संवाद करतो, आणि स्वतःच्या यादीत त्याने ती ‘मादमोझेल स्तोराचे आणि माझ्यासाठी’ अशी नोंदवली. एवढ्यावरून अनेकांनी प्रेमकथा उभी केली. मात्र पत्र, रोजनिशी किंवा समकालीनाची साक्ष असे एकही कागदपत्र या कथेच्या बाजूने नाही. निरोपाच्या जलशासाठी गायिका आणि वादक-संगीतकार यांनी एकत्र सादर करायची रचना एवढा अर्थ त्या नोंदीतून सहज निघतो. फेब्रुवारी १७८७ मध्ये तिचा निरोपाचा जलसा झाला आणि आई, भाऊ, केली व मोझार्टचा इंग्रज शिष्य थॉमस ॲटवुड यांच्यासह ती निघाली. वाटेत साल्झबुर्गला मोझार्टचे वडील लेओपोल्ड यांनी या मंडळींना शहर दाखवले.

## लंडनला परतणे ही पीछेहाट होती का?

मोझार्टच्या चरित्रांत ती इथे संपते, जणू पुढची वीस वर्षे घडलीच नाहीत. वास्तविक व्हिएन्नातले तिचे सर्वांत लोकप्रिय काम सुझाना नव्हतेच. नोव्हेंबर १७८६ मध्ये आलेल्या मार्तीन इ सोलेर यांच्या ‘उना कोझा रारा’ या ऑपेरातल्या लिला या डोंगराळ भागातल्या मुलीच्या भूमिकेने शहर इतके भारले की तिच्यासारखे पोशाख करण्याची टूम निघाली, असे दा पोन्ते सांगतो. ‘फिगारो’चे त्या वर्षी नऊ प्रयोग झाले आणि लिलाने त्याला मागे टाकले.

लंडनमध्ये तिने आधी किंग्ज थिएटरमध्ये इटालियन ऑपेरा गायला. मे १७८९ मध्ये तिथे बेनुच्चीबरोबर एका दुसऱ्याच ऑपेरात तिने ‘फिगारो’तले ‘क्रुदेल, पेर्के’ हे युगुलगीत घातले आणि मोझार्टच्या ऑपेरातला तुकडा लंडनच्या रंगमंचावर प्रथमच ऐकू आला. पुढच्याच महिन्यात ते नाट्यगृह जळाले. त्याच वर्षी ती ड्रूरी लेनच्या इंग्रजी रंगभूमीवर आली आणि भाऊ स्टीफन आता तिच्या मापाने रचू लागला: ‘द हॉन्टेड टॉवर’मधली अडेला, ‘नो साँग, नो सपर’मधली मार्गारेटा, आणि जानेवारी १७९१ च्या ‘द सीज ऑफ बेलग्रेड’मध्ये पुन्हा लिला, कारण तो ऑपेरा ‘कोझा रारा’वरच बेतलेला होता. हे ऑपेरे आज क्वचितच ऐकू येतात, पण त्या काळी लंडनमध्ये त्यांची तिकिटे भरपूर खपत. मार्च १७९६ मध्ये स्टीफन ३३ व्या वर्षी वारला. त्यानंतर जॉन ब्रॅहम या तरुण तेनोर (उंच पुरुषी आवाजाच्या) गायकाबरोबर तिने युरोपचा दौरा केला. दोघांनी लग्नाशिवाय संसार केला, १८०२ मध्ये मुलगा झाला आणि काही वर्षांनी ते कडवटपणे वेगळे झाले. १८०८ मध्ये मार्गारेटाचीच भूमिका करून ती निवृत्त झाली आणि १८१७ मध्ये लंडनच्या दक्षिणेला डलिच इथे वारली.

## ध्वनिमुद्रण नसताना तिचा आवाज कसा कळणार?

पूर्ण कळणार नाही. तरी एक सोपा प्रयोग घरबसल्या करता येतो. ‘दे विएनी, नोन तार्दार’ ऐकावे आणि लगेच त्या जागी फेरारेसेसाठी लिहिलेले ‘अल देझिओ दी की तादोरा’ ऐकावे. दोन्हींची ध्वनिमुद्रणे सहज मिळतात. पात्र तेच, प्रसंग तोच, संगीतकार तोच आणि मध्ये फक्त तीन वर्षे. दोन्हींत जो फरक ऐकू येतो तो जवळजवळ सगळा या दोन बायकांमधला आहे.